हृदयपेशींची उत्पत्ती आणि मूलपेशी

मूलपेशींच्या उपचाराने दुर्बल झालेले हृदय पुन्हा नवे होते, अशा आशयाच्या जाहिराती वाचून अनेक हृद्रोगी आपल्या वैद्यांकडे विचारणा करीत असतात. काही चूर्णे व अवलेह यांच्या वेष्टनांवरही ‘मूलपेशी जागृत करणारे’ असे शब्द आढळू लागले आहेत. अशा वेळी रुग्णास काय सांगावे आणि कोणते औषध दुकानात ठेवावे, हे ठरविण्यापूर्वी या विषयातील निश्चित ज्ञान काय आहे, ते पाहणे इष्ट ठरेल.

जी पेशी विभाजनाने स्वतःसारखी पेशी निर्माण करते आणि विशिष्ट कार्य करणाऱ्या पेशींतही परिणत होऊ शकते, तिला मूलपेशी म्हणतात. गर्भाच्या मध्यस्तरातील अशाच पूर्वगामी पेशींपासून हृदय घडते आणि सुमारे २२व्या दिवशी त्याचे स्पंदन सुरू होते. जन्मानंतर मात्र हे सामर्थ्य झपाट्याने ओसरते. एक दिवसाच्या उंदराच्या पिल्लाचे हृदय जखमेनंतर भरून येते. सातव्या दिवशी येत नाही, असे २०११ साली दिसून आले. झेब्रा मासा आयुष्यभर हृदयाचा कापलेला भाग पुन्हा निर्माण करतो. परंतु तेथेही ते कार्य मुख्यतः असलेल्या स्नायुपेशींच्या विभाजनाने होते, मूलपेशींनी नव्हे.

मनुष्याच्या बाबतीत स्वीडनमधील संशोधकांनी २००९ साली कार्बन-१४च्या साहाय्याने पेशींचे वय मोजले. पंचविसाव्या वर्षी हृदयाच्या सुमारे १ टक्का स्नायुपेशी वर्षभरात बदलतात. पंचाहत्तरीत हे प्रमाण ०.४५ टक्क्यांवर येते. हृदयाच्या तीव्र झटक्यात सुमारे १ अब्ज स्नायुपेशी नष्ट होऊ शकतात. ही हानी इतक्या मंद गतीने भरून निघणे शक्य नाही. म्हणून तेथे व्रणवस्तू तयार होते.

अस्थिमज्जेतील पेशींपासून हृदयस्नायू निर्माण होतो, असा दावा पिएरो अँव्हर्सा व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली उंदरांवरील प्रयोगांतून केला. २००४ साली अन्य प्रयोगशाळांना त्याचा प्रत्यय आला नाही. पुढे त्यांनी प्रौढ हृदयातच मूलपेशी असल्याचे प्रतिपादन केले. तेही टिकले नाही. अखेर २०१८ साली हार्वर्ड वैद्यकीय महाविद्यालय व त्याच्याशी संलग्न रुग्णालयाने त्यांचे ३१ शोधनिबंध मागे घेण्याची शिफारस केली. तोवर या कल्पनेवर आधारलेले प्रयोग मनुष्यांवरही होऊन गेले होते, ही बाब विसरता येणार नाही.

याचा अर्थ हा मार्ग बंद झाला, असे नव्हे. शिन्या यामानाका यांनी २००६ साली उंदराच्या व २००७ साली मनुष्याच्या सामान्य पेशीस पुन्हा गर्भावस्थेतील मूलपेशीसारखे रूप दिले. अशा पेशींना योग्य क्रमाने रासायनिक संकेत दिल्यास सुमारे दहा दिवसांत स्पंदन करणाऱ्या हृदयपेशी मिळतात. जपानमधील ओसाका येथे २०२० साली अशा पेशींचा पातळ पापुद्रा प्रथम रुग्णाच्या हृदयावर बसविण्यात आला. रोपित पेशी टिकणे आणि हृदयाच्या तालात मिसळणे, हे प्रश्न अवघड आहेत. ताल बिघडल्यास प्राणावर बेतू शकते.

सुश्रुताने हृदयाची उत्पत्ती शोणित व कफ यांच्या प्रसादापासून सांगितली, तर चरकाने हृदयास मातृज भावांत गणले. हे विचार गर्भोत्पत्तीचे आहेत. त्यांत मूलपेशी शोधणे अथवा रसायन म्हणजेच मूलपेशी-चिकित्सा असे समीकरण मांडणे, हे शास्त्रास व रुग्णास दोघांसही न्याय देणारे नाही. रसायनाचे महत्त्व सिद्ध करण्यास उसन्या शब्दांची आवश्यकता नाही.

भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०१७च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्तजनक मूलपेशींचे मान्यताप्राप्त रोपण वगळता मूलपेशींचा वापर केवळ अनुमत चिकित्सा-प्रयोगांतच करता येतो. तसेच १९५४च्या आक्षेपार्ह जाहिरातविषयक कायद्याच्या अनुसूचीत हृद्रोगाचा समावेश आहे, हे औषधविक्रेत्यांनी ध्यानी ठेवावे.

पैसे साठवून अशा उपचाराच्या आशेवर बसलेला रुग्ण कित्येकदा चालू औषधे सोडतो. खरा धोका तेथे आहे. त्यास हृद्रोगतज्ज्ञाचे औषध स्वतःहून बंद न करण्याविषयी बजावावे आणि पथ्य व विहार यांचा आधार द्यावा. वैद्याचा शब्द रुग्ण प्रमाण मानतो. म्हणूनच तो मोजून द्यावा, असे आम्हांस वाटते.