आधी घरची तालीम, मग सिम्युलेटरचा तास

नांदगाव खंडेश्वरहून अमरावतीकडे निघाले की त्याच बाजूला बेलोरा विमानतळ आहे. 16 एप्रिल 2025 रोजी तेथून मुंबईची प्रवासी विमानसेवा सुरू झाली आणि एटीआर 72 जातीचे विमान वऱ्हाडाच्या या भागात उतरू लागले. त्याआधी, 2024 मध्ये, एअर इंडियाने याच ठिकाणी वर्षाला 180 वैमानिक घडवू शकेल अशी प्रशिक्षण संस्था उभारण्याचे जाहीर केले होते. सोयाबीन, तूर आणि कापसाच्या भावांची चर्चा चालणाऱ्या पेढीवर आता मुलाला किंवा मुलीला वैमानिक करण्याचा विचार निघाला, तर त्यात नवल नाही.

विमानाचे क्षेत्र आपल्या समाजालाही परके नाही. सोलापूरच्या जैन कुटुंबात 1882 मध्ये जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी डिसेंबर 1940 मध्ये बेंगळुरू येथे हिंदुस्तान एअरक्राफ्ट ही कंपनी स्थापन केली. धाडसाला हिशोबाची जोड देण्याची ती परंपरा वैमानिक होऊ पाहणाऱ्या आजच्या तरुणालाही उपयोगी पडणारी आहे.

व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्यासाठी 200 तासांचे उड्डाण लागते. त्यासाठी कुटुंबाची मोठी पुंजी खर्ची पडते. परवाना हाती आला की खर्च संपला, असे घरच्यांना वाटते. परंतु विमान कंपनीच्या निवडीत लेखी परीक्षा, अभियोग्यता चाचणी आणि मुलाखत यांबरोबर पुष्कळदा सिम्युलेटरवरील चाचणीही असते. परवाना आणि बोलावणे यांत कित्येक महिने जातात. हात आणि नजर दोन्हींचा सराव सुटतो. चाचणीत अपयश आले तर पुन्हा अर्ज करण्यासाठी थांबावे लागते. या धास्तीने काही कुटुंबे सिम्युलेटरचे तास घाऊक विकत घेतात. खरी बचत आणि खरी तयारी मात्र वेगळ्याच ठिकाणी असते.

मुळात सिम्युलेटरचा जन्मच काटकसरीतून झाला. अमेरिकेतील एडविन लिंक हा ऑर्गन आणि पियानो बनवणाऱ्या कारखानदाराचा मुलगा. विमान चालवण्याचे शिक्षण त्याला फार महाग वाटले. तेव्हा वडिलांच्या कारखान्यातील हवेचे भाते वापरून त्याने जमिनीवरच डुलणारे, वळणारे एक छोटे विमान तयार केले. 1929 मध्ये ते पूर्ण झाले. सुरुवातीला ते जत्रेतील खेळण्यासारखे विकले गेले. 1934 मध्ये ढगाळ हवेत टपाल नेताना अमेरिकेच्या सैन्याचे अनेक वैमानिक मृत्युमुखी पडले, तेव्हा सैन्याने त्याची सहा यंत्रे घेतली. महागडे आणि धोक्याचे शिक्षण जमिनीवर स्वस्तात आणि निर्धोकपणे व्हावे, हा त्यामागचा हेतू होता.

आज सिम्युलेटरचे ढोबळमानाने दोन प्रकार आढळतात. पहिला पायांवर हलणारा, हुबेहूब विमानासारखा पूर्ण सिम्युलेटर. तो दिल्ली परिसर, मुंबई, हैदराबाद, बेंगळुरू अशा मोठ्या शहरांत असतो आणि त्याचा तास सर्वांत महाग. दुसरा एका जागी स्थिर असलेला. त्याची कॉकपिट तशीच असते, पण तो हलत नाही आणि त्याचा दर बराच कमी असतो. चाचणीत परीक्षक पाहतो ती उमेदवाराची नजर उपकरणांवर कशी फिरते, वेग व उंची किती नेमकी राखली जाते, चूक झाल्यावर ती किती लवकर सुधारते आणि सहवैमानिकाशी बोलणे कसे आहे. हे सारे स्थिर यंत्रावर शिकता येते. म्हणून बहुतेक सराव तेथे करावा आणि चाचणी ज्या जातीच्या विमानावर होणार, त्याच जातीच्या पूर्ण सिम्युलेटरवर शेवटी एखादा तास घ्यावा.

त्याहीपूर्वीची तालीम घरी करायची असते, तीही जवळजवळ फुकट. लहान सेसना 172 साधारण 65 नॉट वेगाने धावपट्टीकडे येते. एअरबस ए320 सुमारे 135 नॉटने. म्हणजे विचार करायला निम्माही वेळ उरत नाही. येथे व्यापारी घरातील तोंडी हिशोब कामी येतो. नेहमीच्या तीन अंशांच्या उतारावर एक सागरी मैलामागे साधारण 300 फूट उंची कमी करायची. म्हणजे धावपट्टी 10 मैल दूर असताना विमान 3000 फुटांवर हवे. जमिनीवरील वेगाला 5 ने गुणले की मिनिटाला किती फूट उतरायचे ते कळते: 140 नॉटला 700 फूट. हे आकडे झोपेतून उठवले तरी सांगता आले पाहिजेत.

कॉकपिटचे मोठे चित्र भिंतीवर लावून खुर्चीत बसावे आणि प्रत्येक कृती हाताने करत, तोंडाने बोलत पूर्ण उड्डाण मनात पार पाडावे. संगणकासाठी फ्लाइटगिअर ही विनामूल्य प्रणाली उपलब्ध आहे. साधी जॉयस्टिक पुरते. मात्र बाहेरचे दृश्य ढगांनी झाकून केवळ उपकरणांवर उड्डाण करावे, नाहीतर तो खेळच होतो.

तास विकत घेताना माल पारखूनच भाव ठरवावा. दरात जीएसटी आणि प्रशिक्षकाचे शुल्क आहे का? आधीची चर्चा वेळेत धरतात का? यंत्र बंद पडले तर पैसे परत मिळतात का? हे तास अधिकृत नोंदवहीत धरले जातात का? प्रशिक्षकाला त्या कंपनीच्या चाचणीची पद्धत माहीत आहे का? ही उत्तरे लेखी घ्यावीत. नोकरीची हमी देऊन मोठी रक्कम आगाऊ मागणाऱ्यापासून दूर राहावे. दोघा उमेदवारांनी मिळून वेळ घेतली तर खर्च निम्मा होतो; एक विमान चालवतो, दुसरा लक्ष ठेवतो, मग अदलाबदल होते. परीक्षकाला हवे असलेले सहकार्य त्यातच शिकायला मिळते.

बडनेऱ्याहून रेल्वेने जाणे, शहरात राहणे, हाही खर्च तासाच्या किमतीतच धरावा आणि एका फेरीत लागोपाठ दोन दिवसांचा सराव उरकावा. रात्रीची वेळ काही ठिकाणी स्वस्त मिळते. चौविहार पाळणाऱ्याने सूर्यास्तापूर्वीच्या जेवणाची आणि विश्रांतीची सोय आधी लावावी.

प्रत्येक सरावानंतर रोजमेळ लिहावा: चूक कोणती, कारण काय, उपाय काय. पुढच्या तासाची यादी त्यातूनच निघते. जुनी चूक पुन्हा दिसेनाशी झाली की तास घेणे थांबवावे.

कुटुंबाचा वाटा केवळ पैशांपुरता नसतो. चेकलिस्ट वाचायला वैमानिक असावे लागत नाही. संध्याकाळी दुकान बंद झाल्यावर वडील, आई किंवा बहीण शेजारी बसून एकेक ओळ वाचू शकतात आणि उमेदवाराने तिला नेमके उत्तर द्यावे. दररोजच्या अशा अर्ध्या तासाचे बिल येत नाही, आणि चाचणीच्या खोलीत वाणी शांत राहते ती याच सवयीने.