रुबी संगणकभाषेतील लोड पाथ आणि फाइलींची मांडणी : एक विवेचन

प्रस्तावना

संगणकशास्त्राच्या प्रात्यक्षिक परीक्षेत एक प्रसंग वारंवार पाहावयास मिळतो. विद्यार्थ्याचा प्रकल्प प्रयोगशाळेतील ज्या संगणकावर तयार झाला, त्यावर तो बिनचूक चालतो. तोच प्रकल्प बहिःस्थ परीक्षकांसमोर दुसऱ्या संगणकावर नेला की पहिल्याच ओळीवर थांबतो आणि 'अशी फाइल लोड करता येत नाही' असा संदेश पडद्यावर येतो. वाशिम जिल्ह्यात अध्यापन करीत असताना प्रस्तुत लेखकाने हा अनुभव एकाहून अधिक वेळा घेतला आहे. विद्यार्थ्याचे तर्कशास्त्र चुकलेले नसते, चुकलेला असतो तो पत्ता. परंतु गुण जावयाचे ते जातातच, आणि आपल्याला प्रोग्रामिंग जमत नाही असा चुकीचा ग्रह विद्यार्थी करून घेतो.

रुबी या भाषेच्या संदर्भात हा पत्त्याचा प्रश्न स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे. लेखात आज्ञा व फाइलींची नावे देवनागरीत दिली असली तरी प्रत्यक्ष संगणकावर ती रोमन लिपीतच लिहावयाची आहेत, हे प्रारंभीच नमूद करणे आवश्यक आहे.

पार्श्वभूमी

जपानमधील युकिहिरो मात्सुमोतो यांनी १९९३ साली रुबीच्या रचनेस आरंभ केला व डिसेंबर १९९५ मध्ये ती सर्वांसाठी खुली केली. २००४ साली डेव्हिड हाइनमायर हॅन्सन यांनी रेल्स ही वेब-प्रणाली प्रसिद्ध केल्यानंतर रुबीचा प्रसार जगभर वेगाने झाला. महाराष्ट्रातही या भाषेचे जाणकार पुष्कळ आहेत. रुबीकॉन्फ इंडिया ही राष्ट्रीय परिषद २०१२ व २०१३ अशी सलग दोन वर्षे पुण्यात भरली होती. अर्थात आपल्या पदवीधरांच्या दृष्टीने हा विषय केवळ जिज्ञासेचा राहिलेला नाही.

फाइल शोधण्याची प्रक्रिया

मोठा प्रोग्राम एकाच फाइलीत लिहिला जात नाही. त्याचे भाग पाडून ते स्वतंत्र फाइलींत ठेवले जातात व गरजेनुसार एकत्र आणले जातात. रुबीमध्ये हे काम मुख्यतः 'रिक्वायर' ही आज्ञा करते. तिला केवळ नाव दिले जाते, जागा सांगितली जात नाही. जागा शोधण्यासाठी रुबीजवळ फोल्डरांची एक क्रमवार यादी असते. तिलाच 'लोड पाथ' म्हणतात.

ही प्रक्रिया ग्रंथालयाच्या उदाहरणाने समजू शकते. ग्रंथपालाने सेवकास कपाटांचा क्रम ठरवून दिला आहे. ग्रंथाचे नाव सांगताच सेवक पहिल्या कपाटापासून पाहू लागतो, त्या नावाचा पहिला ग्रंथ मिळताच थांबतो व तोच आणून देतो. पुढच्या कपाटात त्याच नावाचा, पण आपणास हवा असलेला ग्रंथ असला तरी तो तेथवर जात नाही. रुबीचे वर्तन नेमके असेच आहे. म्हणून यादीत काय आहे याइतकेच ते कोणत्या क्रमाने आहे यालाही महत्त्व आहे.

आज्ञेसोबत 'वजा आय' हा पर्याय देऊन सांगितलेले फोल्डर या यादीत सर्वांत आधी येतात. त्यानंतर 'रुबीलिब' या परिसर-चलातील फोल्डर व शेवटी रुबीबरोबर आलेल्या मानक लायब्ररीचे फोल्डर येतात. एकदा आणलेल्या फाइलींची रुबी वेगळी नोंद ठेवते. त्यामुळे तीच फाइल दुसऱ्यांदा मागितल्यास 'रिक्वायर' ती पुन्हा चालवीत नाही. सी भाषेत हेडर फाइल दोनदा समाविष्ट होऊ नये म्हणून जी खबरदारी प्रोग्रामरला स्वतः घ्यावी लागते, ती येथे भाषाच घेते.

'रिक्वायर'च्या जोडीला आणखी तीन आज्ञा आहेत. 'लोड' ही आज्ञा फाइल प्रत्येक वेळी नव्याने चालविते व तिला विस्तारासह पूर्ण नाव द्यावे लागते. 'रिक्वायर_रिलेटिव्ह' ही लोड पाथ पाहतच नाही. ती ज्या फाइलीत लिहिली आहे, त्या फाइलीच्या जागेपासून पत्ता मोजते. 'ऑटोलोड' ही आज्ञा संबंधित नाव प्रथम वापरले जाईपर्यंत फाइल आणण्याचे काम लांबणीवर टाकते.

जुन्या पुस्तकांमुळे होणारा घोटाळा

रुबीच्या १.८ या आवृत्तीपर्यंत चालू फोल्डर, म्हणजे आज्ञा देताना वापरकर्ता जेथे उभा आहे ते फोल्डर, लोड पाथमध्ये आपोआप समाविष्ट असे. २०१० साली आलेल्या १.९.२ या आवृत्तीतून ते वगळण्यात आले. त्यामागील कारण सुरक्षेचे होते. अनोळखी फोल्डरात उभे राहून एखादा विश्वासार्ह प्रोग्राम चालविला आणि तेथे कोणी मानक लायब्ररीत नसलेल्या, पण प्रोग्रामने मागितलेल्या नावाची फाइल ठेवली असेल, तर ती नकळत चालण्याचा धोका होता. पर्ल भाषेनेही २०१७ साली ५.२६ या आवृत्तीत हाच निर्णय घेतला.

आपल्या ग्रंथालयांतील जुनी क्रमिक पुस्तके मात्र १.८ च्या काळातील गृहीतकावर लिहिलेली असू शकतात. त्यांतील उदाहरण जसेच्या तसे टंकित करणारा विद्यार्थी अडखळतो. मग तो आपल्या संगणकावरील डी ड्राइव्हचा संपूर्ण पत्ता प्रोग्राममध्ये लिहून वेळ निभावून नेतो. परीक्षेच्या दिवशी पुढे येतो तो हाच पत्ता.

एक उदाहरण

समजा, वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, मानोरा व कारंजा या सहा तालुक्यांतील पावसाच्या नोंदी वाचून अहवाल तयार करणारा 'पर्जन्य' नावाचा प्रोग्राम लिहावयाचा आहे. विद्यार्थी सर्व फाइली एकाच फोल्डरात ठेवतो, तारखांचे काम करणाऱ्या फाइलीस 'डेट' असे नाव देतो आणि ते फोल्डर लोड पाथच्या आरंभी जोडतो. आता मानक लायब्ररीतील 'डेट' मागितली असता त्याचीच फाइल हाती येते. फाइल सापडली असल्यामुळे मागणीच्या ओळीवर त्रुटी दिसत नाही. ती पुढे भलत्याच ठिकाणी प्रकट होते व तिचे मूळ शोधण्यात तास जातात.

यावर रुबीच्या जगात रूढ झालेली मांडणी पुढीलप्रमाणे आहे. प्रकल्पाच्या मुख्य फोल्डरात 'बिन', 'लिब', 'टेस्ट' व 'डेटा' असे चार भाग करावेत. 'लिब'मध्ये थेट एकच फाइल असावी, ती म्हणजे 'पर्जन्य'. उर्वरित 'तालुका', 'डेट', 'अहवाल' या फाइली 'लिब'मधील 'पर्जन्य' याच नावाच्या उपफोल्डरात ठेवाव्यात व त्यांतील वर्ग 'पर्जन्य' या मॉड्यूलमध्ये लिहावेत. मग आपली फाइल 'पर्जन्य/डेट' या नावाने मागविली जाते आणि मानक 'डेट'शी तिचा संघर्ष उरत नाही.

लोड पाथमध्ये बदल करावयाचा तो केवळ एकाच ठिकाणी, 'बिन'मधील प्रारंभीच्या फाइलीत करावा. तेथेही संपूर्ण पत्ता न लिहिता, चालू फाइलीचे फोल्डर सांगणाऱ्या 'डिर' या अंगभूत पद्धतीच्या आधारे शेजारच्या 'लिब'चा पत्ता काढावा. ही पद्धत २०१३ च्या २.० आवृत्तीपासून उपलब्ध आहे. 'लिब'मधील फाइलींनी लोड पाथला हात लावू नये. त्यांनी परस्परांना 'रिक्वायर_रिलेटिव्ह'ने बोलवावे. चाचण्यांसाठी 'वजा आय लिब' हा पर्याय पुरेसा आहे. 'डेटा'मधील नोंदींची फाइल उघडतानाही पत्ता याच रीतीने काढावा, कारण फाइल उघडण्याची साधी आज्ञा वापरकर्त्याच्या चालू फोल्डरापासूनच मोजते.

आणखी एक सूक्ष्म बाब आहे. विंडोजवर फाइलींच्या नावात मोठ्या व लहान रोमन अक्षरांचा भेद सहसा मानला जात नाही, लिनक्सवर मानला जातो. म्हणून सर्व नावे लहान अक्षरांतच ठेवावीत.

इतरांच्या लायब्ररी

दुसऱ्यांनी लिहिलेल्या लायब्ररी रुबीत 'जेम' या स्वरूपात मिळतात. जेम मागितला की त्याचे 'लिब' फोल्डर लोड पाथमध्ये जोडले जाते. आपली मांडणी वरीलप्रमाणे असेल तर आपला प्रकल्पही विशेष फेरबदल न करता जेम होऊ शकतो. कोणत्या जेमची कोणती आवृत्ती वापरली याची नोंद 'बंडलर' हे साधन 'जेमफाइल लॉक'मध्ये ठेवते. ती फाइल प्रकल्पासोबत दिल्यास परीक्षकांच्या संगणकावरही त्याच आवृत्त्या घेता येतात. रेल्समध्ये २०१९ पासून 'झाइटवर्क' हे साधन वर्गाच्या नावावरून फाइल स्वतःच शोधते. तथापि तेही नाव व जागा यांच्या शिस्तीवरच अवलंबून असल्याने मूळ तत्त्व समजून घेण्यास पर्याय नाही.

समारोप

उपरोक्त विवेचनाचे सार असे की, प्रोग्रामने आपल्या फाइलींचा पत्ता स्वतःच्या जागेवरून सांगावा. वापरकर्ता कोठे उभा आहे किंवा संगणक कोणाचा आहे यावर तो विसंबू नये. अध्यापकांसाठी एक साधी सूचना करावीशी वाटते. प्रकल्प स्वीकारण्यापूर्वी त्याचे फोल्डर नाव बदलून दुसऱ्या संगणकावर ठेवावे आणि भलत्याच फोल्डरात उभे राहून तो चालवून पाहावा. या परीक्षेस पाच मिनिटेही लागत नाहीत. ती आपण वर्गातच घेतली, तर एका चुकीच्या पत्त्यापायी विद्यार्थ्याचे वर्षभराचे श्रम परीक्षेच्या दिवशी वाया जाणार नाहीत.