फुयांगचे पत्र : सत्तर किलोंची शर्यत

फुयांग (चीन), सप्टेंबर 2023

आशियाई स्पर्धांचे उद्घाटन हांगचौ शहरात थाटात झाले, पण नौकानयनाच्या शर्यती मात्र फुचुन नदीकाठच्या या फुयांगला. 24 तारखेला सकाळी इथे अर्जुनलाल जाट आणि अरविंद सिंग यांनी पुरुषांच्या लाइटवेट डबल स्कल्समध्ये रौप्यपदक घेतले. वेळ 6 मिनिटे 28.18 सेकंद. चीनची जोडी पाच सेकंद आधी पोचली होती. दोन हजार मीटरच्या या शर्यतीत पाच सेकंद म्हणजे पाण्यावर पंचवीसेक मीटर. चुरस झाली असे म्हणणे जरा जास्तच होईल.

यवतमाळच्या वाचकांसाठी थोडे खुलाशाने सांगतो. होडीत दोघे, प्रत्येकाच्या हातात दोन वल्ही आणि दोघांचीही पाठ अंतिम रेषेकडे. जोडीचे सरासरी वजन 70 किलोच्या आत हवे, एकट्याचेही 72.5 च्या वर चालत नाही. शर्यतीच्या तास-दोन तास आधी काट्यावर उभे राहायचे, म्हणून आदल्या दिवशी पाणीसुद्धा मोजून प्यायचे. धिप्पाड गड्यांपुढे लहान चणीच्या खेळाडूंच्या देशांनाही वाव मिळावा, म्हणून हा गट 1996 साली ऑलिम्पिकमध्ये आला. 2024 च्या पॅरिस ऑलिम्पिकनंतर तो तिथे राहिला नाही.

चीनची गोम पाण्यात नाही, प्रांतांत आहे. दर चार वर्षांनी इथे राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा होतात. तिथल्या पदकांवर प्रांताची पत ठरते, म्हणून प्रत्येक प्रांत स्वतःचा संघ, होड्या, प्रशिक्षक बाळगतो. त्यात फुयांग म्हणजे पूर्वीपासून बांबूच्या कागदाचे गाव आणि आता शर्यतीच्या होड्या बनवणारे. कारखाना आणि शर्यतीचे पाणी एकाच गावात! आपल्याकडे अशी होडी मिळवायची तर कागदपत्रांतच हंगाम जातो.

भारतात हा सगळा भार जवळजवळ एकट्या सैन्याने उचलला आहे. अर्जुनलाल राजस्थानचा, अरविंद उत्तर प्रदेशचा. दोघेही शेतकऱ्यांची पोरे, आणि दोघांनीही वल्ही हातात धरली ती सैन्यात गेल्यावर. तयारी पुण्यात, दापोडीच्या लष्करी अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या केंद्रात. चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ याच वाटेने गेला. दुष्काळी गावात बापाबरोबर विहिरी खणणारा हा गडी 2016 च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये सिंगल स्कल्समध्ये तेरावा आला आणि 2018 च्या आशियाई स्पर्धेत चौघांच्या होडीत सुवर्ण घेऊन परतला. म्हणजे गावाला नदी नसली तरी अडत नाही.

आपल्या जिल्ह्यात तर इसापूर, बेंबळा, अरुणावती अशी धरणे आहेत. उणीव आहे ती पोरांना तिथवर नेणाऱ्याची. पुसद-दिग्रसकडे पहाटे भरतीसाठी रस्त्यावर धावणाऱ्यांत उंच, लांब हातांची पोरे बरीच दिसतात. त्यांच्या प्रशिक्षकांनी एकदा दापोडीला चौकशी करावी.