कोरियन शब्दांची व्युत्पत्ती

कोरियन भाषेतील शब्दांचे उगमानुसार तीन वर्ग मानले जातात: मूळ कोरियन शब्द, चिनी चित्राक्षरांतून आलेले शब्द आणि इतर भाषांतून घेतलेले शब्द. शब्दकोशांतील निम्म्याहून अधिक शब्द दुसऱ्या वर्गात मोडतात. रोजच्या बोलण्यात मात्र मूळ शब्दांचा वापर अधिक होतो. संख्यावाचक शब्दांचे तर दोन संच आहेत. वस्तू मोजताना 'हाना, तुल, सेत' (एक, दोन, तीन) म्हणतात, तर तारीख आणि पैसे सांगताना चिनी मूळ असलेले 'इल, इ, साम' वापरतात.

उसने शब्द

चिनी शब्दांमुळे काही देशी शब्द लोप पावले. डोंगराला आज 'सान' आणि नदीला 'कांग' म्हणतात. जुने 'म्वे' आणि 'काराम' मागे पडले. याउलट 'पेचू' (चिनी कोबी) हा चिनी मूळ असलेला शब्द बोलीत इतका मुरला आहे की तो देशीच वाटतो.

बौद्ध धर्माबरोबर संस्कृत शब्द चिनीमार्गे कोरियात पोहोचले. 'बोधिसत्त्व'चे 'पोसाल' झाले, तर 'क्षण'चे 'छाल्ला'. पोर्तुगिजांचा पावाचा शब्द जपानमार्गे कोरियनमध्ये 'प्पांग' झाला. मराठीतील 'पाव' त्याच पोर्तुगीज शब्दापासून आला आहे. अर्थात, यावरून मराठी आणि कोरियन यांचे नाते सिद्ध होत नाही.

भाषाकुलाचा प्रश्न

अमेरिकन मिशनरी होमर हल्बर्ट यांनी १९०५ मध्ये कोरियन आणि द्राविडी भाषांच्या व्याकरणांची तुलना करून त्यांचे मूळ एक असल्याचे सुचवले. तमिळ 'नाळ्' व कोरियन 'नाल' (दिवस), 'नान्' व 'ना' (मी), 'अप्पा' व 'आप्पा' (वडील) ही साम्ये लक्षवेधी आहेत. मात्र आईवडिलांसाठीचे बालबोलीतले शब्द जगभर सारखे आढळतात, आणि क्रियापद शेवटी ठेवण्याची पद्धत जपानी, तुर्की व खुद्द मराठीतही आहे. भाषांचे नाते ठरवण्यासाठी ध्वनींची नियमित अनुरूपता दाखवावी लागते. ती न दाखवता आल्याने हे मत आज मान्य नाही. गुस्ताफ रामस्टेट यांनी कोरियनला अल्ताई कुलात बसवले, पण त्या कुलाचे अस्तित्वच बहुतेक भाषाशास्त्रज्ञ नाकारतात.

जपानीशी नात्याचा दावा अधिक गंभीर आहे. बेटाला कोरियनमध्ये 'सॉम', जपानीत 'शिमा' म्हणतात. सॅम्युएल मार्टिन यांनी १९६६ मध्ये अशा जोड्यांची सविस्तर तुलना प्रसिद्ध केली. अलेक्झांडर वोविन आधी या मताचे समर्थक होते. २०१० मध्ये मात्र त्यांनी अशा बहुतेक जोड्या उसनवारीच्या ठरवल्या. हंगुल लिपी १४४३ मध्ये तयार झाली. त्यापूर्वीचे लेखन चिनी अक्षरांत असल्याने प्राचीन उच्चारांचे पुरावे तुटपुंजे आहेत व हा वाद मिटलेला नाही.