साप चावल्यावरचं नवं इंजेक्शन कुठवर आलंय?



आजचा विषय माझ्या चुलतभावाच्या एका फोनवरून निघाला. आमचं मूळ गाव चिकोडी तालुक्यात. भाऊ तिथं ऊस करतो. मोटारीला लाईट बऱ्याचदा रात्रीचीच मिळते, त्यामुळे पाणी पाजायलाही रात्रीच जायचं. उसात उंदीर, आणि उंदरांमागे घोणस. गेल्या पावसाळ्यात शेजारच्या रानातला एक गडी सर्पदंशाने गेला. त्यानंतर आठवड्याभरात फोन आला, "दादा, तुमच्या बेंगळुरात साप चावल्यावरचं नवं इंजेक्शन निघालंय म्हणं. समद्या सापांना एकच. दोन पाठवून द्या की, फ्रिजात ठेवतो."

त्याच्या कानावर आलं ते अगदीच खोटं नव्हतं. पण ते इंजेक्शन मला पाठवता येणार नाही, आणि आलं असतं तरी त्याच्या उसातल्या घोणशीपुढे ते चाललं नसतं. असं का, ते आज बघू. मी डॉक्टर नाही, बी.एस्सी. करून फौजेत गेलेला माणूस. पण या विषयाशी माझा एक जुना हिशेब आहे. तो पुढे येईलच.

आधी प्रश्न केवढा आहे ते पाहा. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासानुसार २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सुमारे १२ लाख माणसं सर्पदंशाने गेली. म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. मी उभी हयात फौजेत काढली, लढाईतल्या मृत्यूंचे आकडे मला ठाऊक आहेत. हा आकडा वाचून मी चष्मा पुसून परत वाचला. एवढी माणसं जातात आणि बोभाटा होत नाही, कारण जाणारा बहुतेक शेतावरचा असतो, नाहीतर जमिनीवर झोपलेला. जागतिक आरोग्य संघटनेनेसुद्धा सर्पदंशाला दुर्लक्षित आजारांच्या अग्रक्रमाच्या यादीत घेतलं ते २०१७ मध्ये.

आपण ज्याला सापाची लस म्हणतो, ती खरं तर लस नाही, प्रतिविष आहे. पद्धत सव्वाशे वर्षांपूर्वीची, फ्रान्समधल्या आल्बेर काल्मेत यांच्या काळातली. घोड्याला विषाचे अगदी लहान डोस द्यायचे, हळूहळू वाढवायचे. घोड्याचं शरीर त्याविरुद्ध अँटीबॉडी तयार करतं. मग त्याच्या रक्तातून त्या वेगळ्या काढायच्या. आपल्या मुंबईचं हाफकीन याच कामासाठी प्रसिद्ध. भारतात हे औषध चार सापांच्या विषावर बनतं: नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं.

या औषधाने लाखो जीव वाचवलेत, त्याला नावं ठेवायची नाहीत. पण अडचणी आहेत. घोड्याने आयुष्यात ज्या ज्या जंतूंशी सामना केला, त्या सगळ्यांच्या अँटीबॉडी त्या कुपीत येतात. विषावर चालणारा भाग त्यात थोडाच. म्हणून सुरुवातच आठ-दहा कुप्यांनी करावी लागते. शिवाय घोड्याची प्रथिनं माणसाला सोसतातच असं नाही. काहींना जोराची ॲलर्जी येते, डॉक्टरांना ॲड्रेनलिन हाताशी ठेवावं लागतं.

तिसरी अडचण बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत, म्हणजे इथले जुने रिक्षावाले अजून ज्याला 'टाटा इन्स्टिट्यूट' म्हणतात तिथं, नीट तपासली गेली. तिथे प्रा. कार्तिक सुनगर यांची सर्पविषावर काम करणारी प्रयोगशाळा आहे. देशातल्या प्रतिविषासाठी लागणारं बरंचसं विष तमिळनाडूतल्या इरुला समाजाच्या सहकारी संस्थेकडून येतं. म्हणजे साप दक्षिणेतले आणि औषध देशभर. पण एकाच जातीच्या सापाचं विष सगळीकडे सारखं नसतं. २०२५ मध्ये या मंडळींनी ३४ ठिकाणच्या ११५ घोणशींचं विष तपासून दाखवलं की तापमान, पाऊस आणि दमटपणा यांच्याशी विषाच्या गुणधर्मांचा संबंध आहे. कोरड्या भागातल्या घोणशीच्या विषात प्रथिनं फोडणाऱ्या द्रव्यांचा जोर जास्त. नाव एक, साप दिसायला एक, पण विष वेगळं. मग एका ठिकाणच्या विषावर बनवलेलं औषध दुसरीकडे तोकडं पडलं तर नवल नाही.

आता येऊ त्या नव्या इंजेक्शनकडे. नाग आणि त्याच्या कुळातल्या सापांच्या विषात एक मुख्य हत्यार असतं. आपली नस स्नायूला हुकूम देते तो एका रसायनाच्या मार्फत, आणि ते रसायन घ्यायला स्नायूवर एक खाच असते. विषाचा कण जाऊन त्या खाचेतच बसतो. हुकूम सुटतो, पण पलटणीपर्यंत पोहोचत नाही. पापण्या पडतात, गिळता येत नाही, आणि शेवटी श्वासाचे स्नायू थांबतात.

बेंगळुरूची ही प्रयोगशाळा आणि अमेरिकेतली स्क्रिप्स संस्था यांनी मिळून माणसाच्या अँटीबॉडींचा प्रचंड मोठा कृत्रिम संग्रह चाळला. त्यातून एक निवडली, तिचं नाव ९५मॅट५. फेब्रुवारी २०२४ मध्ये हे संशोधन प्रसिद्ध झालं. गंमत म्हणजे ही अँटीबॉडी त्या स्नायूवरच्या खाचेचं सोंग घेते. आम्ही शत्रूच्या विमानांना चकवायला कापडाचे आणि लाकडाचे खोटे रणगाडे उभे करायचो, तसंच. विषाचा कण खोट्या खाचेला चिकटतो आणि खरी मोकळी राहते.

उंदरांवर चाचणी झाली. नुसतं विष दिलेले उंदीर चार तासांत मेले. अँटीबॉडीसह दिलेले चोवीस तासांनंतरही ठणठणीत. पूर्व भारतातला एक नाग आणि आफ्रिकेतला ब्लॅक मांबा यांच्या अख्ख्या विषावरही ती चालली. मला सगळ्यात महत्त्वाची वाटली ती पुढची चाचणी. आधी विष दिलं, मग दहा आणि वीस मिनिटं थांबून अँटीबॉडी दिली, तरी उंदीर वाचले. नेहमीच्या प्रतिविषाचा जोर मात्र दहा मिनिटांच्या उशिरानेही बराच घटला होता. आणि ही अँटीबॉडी माणसाची असल्याने घोड्याच्या प्रथिनांची भानगडच नाही.

मग भावाला पाठवायला काय हरकत? पहिली गोष्ट, हे सगळं उंदरांवर झालंय. दुसरी, ती त्या एका प्रकारच्या हत्यारावर चालते. घोणस आणि फुरशाचं विष रक्तावर हल्ला करतं, तिथं तिचा उपयोग नाही. आपल्या मण्याराचं मुख्य विष तर खाचेत बसत नाही, नसेच्या टोकात शिरून ते आतून निकामी करतं. तिथंही ही पुरी पडत नाही. पुढे वेगवेगळ्या हत्यारांवरच्या अशा अनेक अँटीबॉडी एका कुपीत एकत्र कराव्या लागतील. ते काम सुरू आहे, पण फ्रिजात ठेवण्याजोगं आज काही नाही.

मण्याराचं नाव निघालं, तर तो हिशेब सांगतो. १९८७ साल, राजस्थानच्या वाळूत सराव चालू होता. मी कॅप्टन. पहाटे एक जवान पोट दुखतंय म्हणून उठला. अंगावर जखम नाही, सूज नाही. मीच म्हणालो, जेवण बाधलं असेल, ओवा खा आणि पड. तासाभराने त्याच्या पापण्या मिटायला लागल्या, आम्हाला वाटलं झोप येतेय. जीभ अडखळली तेव्हा बाडमेरकडचा आमचा नर्सिंग असिस्टंट ओरडला, "साहब, पीवणा!" तिकडे मण्याराला पीवणा म्हणतात, झोपलेल्या माणसाचा श्वास पितो अशी समजूत. समजूत चुकीची, पण लक्षण अचूक टिपलेलं. मण्याराचा दंश झोपेत होतो, दुखत नाही, खूण दिसत नाही. गाडी काढली. हॉस्पिटल यायच्या आत त्याचा श्वास थांबला.

त्या दोन तासांचं ओझं माझ्यावर आहे. नवी अँटीबॉडी आली तरी माझ्यासारखा कुणी ओवा देत बसला, तर ती काय करणार?

भावाला मी हेच सांगितलं. पावसाळ्यात सकाळी कुणाचं पोट दुखत असेल आणि पापण्या जड वाटत असतील तर मण्यार धरूनच चालायचं. दंशावर दोरी आवळायची नाही, चिरायचं नाही, चोखायचं नाही. फळी बांधून पाय हलू द्यायचा नाही आणि वेळ लिहून ठेवायची. साप पकडून न्यायची गरज नाही. घोणशीचं विष भिनलंय का हे डॉक्टर काचेच्या कोरड्या नळीत थोडं रक्त घेऊन वीस मिनिटं ठेवून पाहतात; गोठलं नाही तर कळतं. ही सोय खेड्यातल्या दवाखान्यातही होऊ शकते. शिवाय कर्नाटकात फेब्रुवारी २०२४ पासून सर्पदंशाची नोंद सरकारला कळवणं सक्तीचं झालंय. आकडे मिळाले तर कुप्या कुठे लागतात ते समजेल.

इंजेक्शनऐवजी मी त्याला गुडघ्यापर्यंतचे दोन जोड गमबूट आणि चार चांगल्या बॅटऱ्या पाठवल्या. आणि एक काम दिलं: जवळच्या सरकारी दवाखान्यात प्रतिविष आहे का आणि व्हेंटिलेटर कुठे आहे, ते स्वतः जाऊन विचार. चार दिवसांनी फोन आला. कुप्या आहेत. व्हेंटिलेटर नाही, तो पाऊण तासावरच्या हॉस्पिटलात. १०८ चा नंबर भिंतीवर खडूने लिहिलाय, आणि ती यायला उशीर झाला तर रात्री जीप काढायची म्हणून गल्लीतल्या दोघांशी बोलून ठेवलंय.

"आणि बूट?" मी विचारलं.

"बूट हायत चांगलं," तो म्हणाला, "पण चिखलात रुतत्यात, दादा. गडी घालंनात."

पुढच्या महिन्यात मी स्वतः गावी जातोय.