विश्लेषण : गैरहजेरीत निकाल लागला? एकतर्फी हुकूमनामा रद्द कसा होतो?

शेतजमीन रहिमतपुरात, चार भावांपैकी दोघे मुंबई-पुण्यात. वाटपाचा दावा दाखल होतो, समन्स गावच्या पत्त्यावर जाते आणि बाहेरगावच्या भावाला थेट निकालच कळतो. अशा वेळी कायदा काय सांगतो?

एकतर्फी हुकूमनामा म्हणजे काय?

समन्स बजावूनही प्रतिवादी हजर राहिला नाही, तर दिवाणी न्यायालय त्याच्या गैरहजेरीत दावा चालवून निकाल देऊ शकते. समन्स प्रत्येक वेळी हातातच मिळते असे नाही. प्रतिवादी घरी नसेल आणि लवकर भेटण्याची शक्यता नसेल, तर घरातल्या सज्ञान व्यक्तीकडे ते देता येते. दारावर डकवता येते किंवा न्यायालयाच्या आदेशाने वर्तमानपत्रातही देता येते.

तो रद्द कधी होतो?

दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 9, नियम 13 नुसार त्याच न्यायालयात अर्ज करता येतो. कारणे दोनच : समन्स रीतसर बजावले गेले नाही किंवा हजर न राहण्यास पुरेसे कारण होते. मात्र तारीख माहीत होती आणि हजर राहण्यास पुरेसा वेळही होता, असे दिसले तर बजावणीतल्या त्रुटीचा आधार मिळत नाही.

मुदत किती?

हुकूमनाम्यापासून 30 दिवस. समन्स रीतसर बजावलेच नसेल, तर निकाल कळल्यापासून 30 दिवस. उशीर झाल्यास विलंब माफीचा अर्ज करून कारण पटवून द्यावे लागते.

अर्ज फेटाळला तर?

त्याविरुद्ध अपील करता येते. मूळ हुकूमनाम्याविरुद्ध अपिलाचा मार्गही वेगळा आहे. महाराष्ट्रातल्याच एका वाटपाच्या दाव्यात 2008 मध्ये एकतर्फी हुकूमनामा झाला. प्रतिवादींनी आधी तो रद्द करण्यासाठी अर्ज केला आणि त्यात यश न आल्यावर अपील केले. तोवर 4 वर्षे 10 महिने 8 दिवसांचा विलंब झाला होता. उच्च न्यायालयाने विलंब माफी नाकारली. सर्वोच्च न्यायालयाने मे 2019 मध्ये ती दिली. पहिल्या अर्जात प्रामाणिकपणे गेलेला काळ विलंबाचे पुरेसे कारण ठरू शकतो, असे न्यायालयाने म्हटले. वेळकाढूपणा करणाऱ्यांना मात्र ही सवलत नाही.

अर्ज मंजूर झाला म्हणजे दावा जिंकला?

नाही. दावा पुन्हा सुरू होतो आणि तुमची बाजू ऐकली जाते, एवढेच. न्यायालय खर्च भरण्याची अटही घालू शकते. नुसता अर्ज केल्याने हुकूमनाम्याची अंमलबजावणी थांबत नाही. त्यासाठी स्थगिती स्वतंत्रपणे मागावी लागते.

आधीच काय करावे?

गावी जमीन असेल तर 'ई-कोर्ट्स सर्व्हिसेस' अ‍ॅपवर आपल्या नावाने अधूनमधून शोध घ्यावा. निकाल कळताच आधी प्रमाणित नक्कल मागवावी, बजावणीचा अहवाल पाहावा आणि वकील गाठावा. भावकीत समझोता होईल या आशेवर थांबले, तरी 30 दिवसांची मोजणी थांबत नाही.