भिंतीमागचं पाणी

पाण्याच्या काठाला दगड रचणं पुण्याला नवं नाही. अठराव्या शतकाच्या मध्यावर नानासाहेब पेशव्यांनी कात्रजला तलाव बांधून घेतला आणि तिथलं पाणी बंदिस्त दगडी नळातून, निव्वळ उताराच्या जोरावर, शनिवारवाड्यापर्यंत आणि पेठांतल्या हौदांपर्यंत आणलं. पर्वतीच्या पायथ्याचं तळंही त्यांच्याच काळातलं. त्याचं काम रेंगाळलं तेव्हा नानासाहेब हत्तीवरून उतरून स्वतः दगड उचलू लागले, मग सरदारांनाही हात लावावा लागला, असं सांगतात. ते तळं पुढे आटलं; आज तिथे सारसबाग आहे.

आता होणारी तळी निराळी. सोसायटीच्या बागेतलं असो की जिल्ह्यातलं शेततळं, मुरमाड जमिनीत पाणी ठरत नाही, म्हणून खड्ड्यात प्लास्टिकचा कागद अंथरतात. शेततळ्याला बहुधा 500 मायक्रॉनचा. शेतात कडा उताराच्या ठेवल्या की भिंत लागत नाही. पण दीडास एक उतार धरला तर 2 मीटर खोलीला प्रत्येक बाजूने 3 मीटर जागा जाते. शहरात तेवढी जागा कुठली? मग कड उभी करायची, आणि कड उभी केली की तिच्यामागची माती धरून ठेवायला भिंत आली.

पाहणाऱ्याला वाटतं, या भिंतीवर भार तळ्यातल्या पाण्याचा. खरा धोका मागच्या पाण्याचा असतो. कोरडी माती भिंतीला रेटते, पण बेताने. जून-जुलैच्या पावसात तीच माती तुडुंब भिजते आणि पाण्याचा दाब तिच्या जोडीला येतो. दीड मीटर उंचीच्या भिंतीमागे काठोकाठ पाणी साचलं, तर दर मीटर लांबीला एकट्या पाण्याचा रेटा सुमारे 1,100 किलो भरतो. उंची दुप्पट केली की रेटा चौपट. तळं भरलेलं असेल तोवर पुढचं पाणी भिंतीला टेकू देतं. भर पावसाळ्यात गाळ काढायला तळं रिकामं केलं की तो टेकू गेला. भिंत पुढे झुकण्याची वेळ हीच.

भिजलेल्या मातीपुढे भिंत हरते तेव्हा काय होतं, ते पुण्याने 2019 साली पाहिलं. 29 जूनला कोंढव्यात भिंत मजुरांच्या झोपड्यांवर कोसळली आणि 15 जणांचा जीव गेला. त्याच वर्षी 25 सप्टेंबरच्या रात्री आंबील ओढ्याला पूर आला, तेव्हा अरण्येश्वर भागातही भिंत पडून माणसं दगावली. तळ्याकाठची कंबरेएवढी भिंत त्यामानाने लहान, पण कडेला मुलं खेळतात, म्हणून तीही हिशेबानेच बांधायला हवी.

रस्त्याकडेच्या भिंतीला गवंडी पाझराची भोकं ठेवतो. मागचं पाणी त्यातून पुढे निघून जातं. कागदाच्या तळ्यात ही सोय नाही. पाण्याच्या पातळीखाली भोक ठेवायचं तर कागद फाडावा लागेल, मग तळं टिकणार कसं? जुन्या बिनकागदी तळ्यांत कोरड्या रचाईच्या सांध्यांतून पाणी ये-जा करी, आतली-बाहेरची पातळी हळूहळू सारखी होई. कागदाने ती वाट बंद केली. म्हणून मागचं पाणी आडवं न्यावं लागतं: भिंतीच्या पाठीशी तळाला भोकं पाडलेला पाइप, त्याभोवती स्वच्छ खडी, खडीला गाळणीचं कापड, आणि पाइपाचं तोंड तळ्याला वळसा घालून खालच्या अंगाला उघडं. जमीन सपाट असेल तर एक छोटा खड्डा आणि त्यात पंप. खर्च वाचवायचा म्हणून सगळ्यात आधी हेच गाळलं जातं, कारण माती लोटल्यावर ते दिसत नाही. मला ही काटकसर अक्षम्य वाटते. दगड साधा घेतला तरी चालेल.

बाकीचं काम ओळखीचं. पाया भरावावर नको, काळ्या मातीत तर नकोच. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. खणून कडक मुरूम लागेल तिथे पाया. खांडकी रचताना दर थरात काही दगड मागेपर्यंत पोचणारे हवेत, आणि भिंतीचा चेहरा किंचित मागे कललेला. मागची माती वीतभर थरांनी, धुम्मस करत भरायची. कागद भिंतीच्या तोंडावरून वर चढवायचा, पण दगडाची धार त्याला लागू नये म्हणून आधी गिलावा करून मध्ये जाड कापड; वरची कड माथ्याच्या फरशीखाली दाबायची. कागद ताणून बसवला तर पाणी भरताच कोपऱ्यात फाटतो, म्हणून तिथे सैल चुणी ठेवायची.

पहिल्या मोठ्या पावसानंतर पाइपाच्या तोंडाशी जाऊन बघायचं. पाणी स्वच्छ येत असेल तर ठीक. काहीच येत नसेल तर पाइप तुंबलाय. पहिल्या सरींनंतरही गढूळच येत राहिलं, तर कापड फाटून भिंतीमागची माती वाहून चाललीय. अशा वेळी तळं रिकामं न करता, पाऊस उघडल्यावर मागची बाजू खणून कापड नव्याने घालायचं.